चिमणीला सांगायचं राहिलं

आमच्या शेडमध्ये त्याला नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे मायक्रॉन म्हणत, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. लेथवर काम करणारे पुष्कळ असतात, पण जॉब, म्हणजे कातलेला लोखंडाचा तुकडा, हातात घेऊन, डोळे मिटून, नुसता अंगठा फिरवून "हा दोन शतांशांनी जाड आहे" असं सांगणारा आमच्याकडे तो एकटाच. मग आम्ही मायक्रोमीटर लावून बघायचो, आणि जॉब दोन शतांशांनीच जाड निघायचा. नवा सुपरवायझर आला की आम्ही मुद्दाम त्याला पैजेला उभा करायचो आणि चहा उकळायचो.

माझं मिलिंग मशीन त्याच्या लेथला लागून. मध्ये एक लोखंडी कपाट होतं, दोघांत मिळून एक. वरचे दोन खण त्याचे, खालचे दोन माझे. बावीस वर्षं आम्ही एकमेकांच्या पाठीला पाठ लावून उभे राहिलो. त्यामुळे पुढचं जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आणि बाकीचं त्यानं किंवा वहिनींनी मला सांगितलेलं.

त्याची पाठ दुखायची. पाठ म्हणजे कमरेच्या वर, दोन्ही कुशींकडे. आठ-आठ तास लेथपुढे उभं राहणाऱ्याची पाठ दुखणारच, यात आम्हाला कुणाला काही विशेष वाटलं नाही. माझ्या खालच्या खणात वेदनाशामक गोळ्यांची पट्टी कायम असायची. त्यानं नुसता हात मागे केला की मी एक गोळी त्या हातावर ठेवायचो. किती वर्षं? दहा तरी. कधी दिवसाला एक, कधी दोन. दुखणं अंगावर काढायची आम्हाला सवयच होती, आणि त्यात मी त्याला मदत करत होतो. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे मग फक्त त्याच्याकडेच बोट दाखवलं असं होणार नाही.

तो त्रेचाळीस वर्षांचा असताना कारखान्यात तपासणीचं शिबिर झालं. माझं सगळं ठीक निघालं. त्याचं बीपी एकशे सत्तरच्या वर आणि लघवीतून प्रथिनं जाताहेत म्हणाले. त्याला पुढे पाठवलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. दोन दिवसांची सुट्टी काढून तो परत आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाले?"

"काही नाही. बीपी आहे. मीठ कमी करा म्हणाले."

"आणि?"

"आणि काय. आता मिठाला जागायचं नाही." असं म्हणून हसला आणि त्यानं लेथ चालू केला. मीही हसलो.

खरं काय ते मला पाच वर्षांनी कळलं. किडनीच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सोनोग्राफीचा फोटो दाखवला होता. दोन्ही किडन्यांमध्ये पाण्यानं भरलेल्या गाठी, द्राक्षांच्या घोसासारख्या. किडन्या नेहमीच्या दीडपट झालेल्या. रक्तातलं क्रिएटिनिन एक पूर्णांक नऊ, म्हणजे असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट. बाईंनी त्याला विचारलं, वडील कशानं गेले? वडील पन्नाशीच्या आतच गेले होते. सकाळी दात घासताना कोसळले, डोक्यातली रक्तवाहिनी फुटली होती. बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, हा आजार बहुतेक वडिलांकडून आला आहे. डोक्यातल्या रक्तवाहिनीचा आणि या गाठींचा संबंध असू शकतो. पाठदुखी ही लेथमुळे नाही, या गाठींमुळे आहे, आणि त्यासाठी घेत असलेल्या गोळ्या किडनीला आणखी मारताहेत. त्या आजपासून बंद. बीपीची गोळी रोज. मीठ कमी. दर तीन महिन्यांनी रक्त. गाठी जाणार नाहीत, पण किडनी जितकी टिकवता येईल तितकी टिकवू, दहा वर्षं, कदाचित जास्त.

आणि शेवटी म्हणाल्या, "तुम्हाला भावंडं आहेत?"

"एक बहीण. धाकटी."

"तिला तपासायला सांगा. प्रत्येक भावंडाला, प्रत्येक मुलाला हे असायची निम्मी शक्यता असते. लवकर कळलं तर बीपी ताब्यात ठेवता येतं, त्यानं फार फरक पडतो. हे सांगायचं काम तुमचं आहे."

तो "हो" म्हणाला. बाईंनी ते कागदावरही लिहून दिलं.

बहिणीला घरात सगळे चिमणी म्हणत. लहानपणी किरकोळ होती म्हणून पडलेलं नाव. आता ती बेकरीत भट्टीवर काम करणारी, एका हातानं पावाचे चार ट्रे उचलणारी चांगली धिप्पाड बाई होती, आणि तरी चिमणीच. वडील गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती, हा तेरा. तिला शाळेत सोडणं, तिच्या वेण्या घालणं, तिच्यासाठी भांडणं, सगळं यानं केलं. ज्या महिन्यात याची सोनोग्राफी झाली त्याच महिन्यात तिचं लग्न ठरलं होतं. अडतिसाव्या वर्षी. मुलगा तिच्याच बेकरीत हिशोब बघायचा. तिनं भावाला फोन करून सांगितलं तेव्हा ती रडत होती, असं त्यानं मला सांगितलं होतं.

तेव्हा त्यानं ठरवलं, लग्न होऊ दे, मग सांगू. ऐन लग्नात कशाला विघ्न. झाकली मूठ सव्वा लाखाची.

लग्न झालं. मग म्हणाला, चार महिने सुखानं राहू देत. चौथ्या महिन्यात चिमणीला दिवस गेले. मग तर सांगायचा प्रश्नच नव्हता, असं त्याला वाटलं. सातव्या महिन्यात तिचं बीपी एवढं चढलं की दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला किडनीचा त्रास? ती म्हणाली, नाही. वडील कशानं गेले? डोक्यात रक्तस्राव. हा तिथेच पलंगाच्या पायथ्याशी डबा घेऊन उभा होता. त्याच्या तोंडून ब्र निघाला नाही. बाळ आठव्या महिन्यात झालं, पावणेदोन किलोचं. वाचलं. सगळे म्हणाले, गरोदरपणात होतं असं कुणाकुणाला. बाळंतपणानंतर तिनं बीपीच्या गोळ्या सोडून दिल्या.

यानंही सोडल्याच होत्या. पहिले तीन महिने त्यानं गोळ्या नेमानं घेतल्या. काही वेगळं वाटेना. दुखतच नाही त्यावर औषध कशाला? तिसऱ्या महिन्याचा रक्ताचा रिपोर्ट आणायला गेलाच नाही. पाठ मात्र दुखायची, आणि त्याचा हात मागे यायचा, आणि मी गोळी ठेवायचो. एकदा मी म्हटलं, "बीपीवाल्यानं एवढ्या घ्याव्यात का रे?" तो म्हणाला, "तू मिलिंग कर."

एवढा मापाचा माणूस. दुसऱ्याच्या जॉबमधली केसाएवढी चूक त्याला खपायची नाही. स्वतःचं माप मात्र त्यानं पाच वर्षं घेतलं नाही. मी पुढे त्याला हे विचारलं. तो म्हणाला, "जॉब बिघडला तर दुसरा लावता येतो. इथे माप घेऊन करायचं काय होतं?" मग थोड्या वेळानं म्हणाला, "नाही, हे खोटं आहे. मी भ्यालो होतो."

पाचव्या वर्षी त्याच्या पायांवर सूज यायला लागली. बूट संध्याकाळी निघेनात. अंगाला खाज. तोंडात सतत लोखंड चाटल्यासारखी चव, त्यावरही आम्ही थट्टा केली, म्हटलं एवढी वर्षं लोखंड कातलंस, आता ते परत यायला लागलं. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. मग एक दिवस त्याचे सलग अकरा जॉब नापास झाले. सुपरवायझर ते अकरा जॉब त्याच्या पुढ्यात रांगेनं मांडून गेला. मायक्रॉननं एकेक उचलून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मला कळतच नाहीये रे." आणि तिथेच, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, कुलंटच्या टाकीशेजारी वाकून ओकला.

मीच त्याला दवाखान्यात नेलं. क्रिएटिनिन जवळजवळ दहा. पोटॅशियम इतकं वाढलेलं की हृदय केव्हाही थांबेल म्हणाले. त्याच दुपारी मानेच्या शिरेत नळी घातली आणि डायलिसिस सुरू झालं.

वहिनी शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहेत. त्या तशाच पांढऱ्या कोटात धावत आल्या. डॉक्टरांनी विचारलं, जुने रिपोर्ट आहेत का? त्या म्हणाल्या, कसले रिपोर्ट? यांना नुसतं बीपी आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, कारखान्यात काही ठेवलंय का यांनी?"

मी परत गेलो. कपाटाचा वरचा खण उघडला. व्हर्नियर, गेज, मऊ फडक्यात गुंडाळलेले मायक्रोमीटर, सगळं जिथल्या तिथे. त्यांच्या मागे एक निळी फाईल होती. मी ती तिथेच उभ्याउभ्या वाचली. वाचायला नको होती, पण वाचली. शेवटच्या कागदावर बाईंच्या अक्षरात ओळ होती: बहीण व मुलगी, दोघींची तपासणी आवश्यक, रुग्णास समजावून सांगितले आहे. तारीख पाच वर्षांपूर्वीची. खालच्या खणात माझी गोळ्यांची पट्टी होती. ती मी कचऱ्याच्या डब्यात टाकली. फार उशिरा सुचलेलं शहाणपण.

वहिनींनी फाईल वाचली. दोनदा वाचली. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त एवढंच विचारलं, "भाऊजी, तुम्हाला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. त्यांनी विश्वास ठेवला की नाही, मला अजून माहीत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला जरा बरं वाटायला लागलं, तेव्हा वहिनींनी त्याच्यासमोर फाईल ठेवली. म्हणाल्या, "माझं राहू द्या. लेकीचंही मी बघते. चिमणीला काय सांगणार आहात?"

त्यानं फाईल मिटून उशीखाली सरकवली.

आणि चिमणी तर रोजच येत होती. साडेतीन वर्षांच्या मुलाला नवऱ्याकडे ठेवून, बेकरीच्या पिठानं पांढरे झालेले हात घेऊन. तिला एवढंच सांगितलं होतं की बीपीमुळे किडन्या गेल्या. कुणीतरी तिला सांगितलं की घरातल्या माणसाला किडनी देता येते. वहिनींना मधुमेह, त्यांची चालणार नव्हती. लेक एकोणीस वर्षांची, तिची घ्यायला तो मेला तरी तयार नव्हता. चिमणीनं तर विचारलंसुद्धा नाही, ठरवूनच टाकलं. त्याच्या उशाशी उभी राहून म्हणाली, "माझ्या दोन आहेत. एक तू घे. लहानपणी माझ्या वाटणीचं सगळं खायचास, आता हेही घे."

"मला नको," तो म्हणाला.

"का नको?"

"नको म्हटलं ना."

ती दुखावली. बाहेर येऊन मला म्हणाली, "दादाला माझी किडनीसुद्धा परकी वाटायला लागली का?" मला उत्तर माहीत होतं, पण ते सांगायचं काम माझं नव्हतं. मी आत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर चिडलो. म्हटलं, "तू सांगतोस की मी सांगू?"

तो म्हणाला, "उद्या."

"किती उद्या झाले?"

दुसऱ्या दिवशी डायलिसिसच्या खोलीत त्यानं तिला सांगितलं. ती खोली मी नंतर शेकडो वेळा पाहिली. आठ खुर्च्या, आठ मशीन, प्रत्येक मशीनला दोन लाल नळ्या, एक रक्त बाहेर नेणारी, एक आत आणणारी. टेक्निशियन मुलगी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीकडे फिरत असते. खुर्चीतल्या माणसाला चार तास हलता येत नाही. त्यानं तीच वेळ निवडली. मला म्हणाला, "एरवी मी उठून गेलो असतो."

त्यानं सगळं सांगितलं. गाठी, वडील, निम्मी शक्यता, लग्न, आणि दवाखान्यात डबा घेऊन उभा होता ते. चिमणी ऐकत होती. मी दारात होतो.

"किती वर्षं झाली?" तिनं विचारलं.

"पाच."

"म्हणजे मी पोटुशी होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"डॉक्टर मला विचारत होते, घरात कुणाला किडनीचं आहे का, तेव्हा तू तिथेच होतास."

"होतो."

"माझं पोर काचेच्या पेटीत होतं दादा. अठरा दिवस. तू रोज यायचास. रोज काचेला हात लावून बघायचास."

मशीनचा पंप फिरत होता.

"तुला वाटलं मी लग्न मोडून घेईन? रडत बसेन? काय वाटलं तुला?"

"तुझं सगळं आत्ता कुठे सुरळीत झालं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते खरं नाही."

ती उठली. जाताना वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि गेली. त्यानंतर सात महिने ती त्याच्याशी बोलली नाही.

तिची सोनोग्राफी झाली, हे आम्हाला तिच्या नवऱ्याकडून कळलं. दोन्ही किडन्यांत गाठी. बीपी एकशे साठच्या जवळ. पण क्रिएटिनिन अजून ठीक होतं. त्याच डॉक्टरीणबाई तिला बघत होत्या. वहिनींनी बाईंना सरळच विचारलं, पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर? बाई म्हणाल्या, "नेमकं किती नुकसान झालं ते मोजता येत नाही. झालं नाही असं मी म्हणणार नाही." हे वहिनींनी त्याला जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द मऊ केला नाही.

ते सात महिने म्हणजे त्याचं दुसरं शिक्षण. आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला खुर्चीत. मी त्याला स्कूटरवरून सोडायचो आणि कामावर जायचो. डाव्या हाताला छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकांना जोडली. त्याला फिस्टुला म्हणतात. ती शीर जाड व्हायला दोन महिने लागले, तोवर मानेतली नळी. ती नळी भिजू द्यायची नाही, त्यामुळे अंघोळ म्हणजे एक प्रकल्पच. त्या डाव्या हातावर बीपी मोजायचं नाही, सुई टोचायची नाही, वजन उचलायचं नाही, त्यावर झोपायचं नाही. शीर चालू आहे की नाही ते रोज बोट ठेवून बघायचं, आत बारीक थरथर लागली पाहिजे. टेक्निशियन मुलीनं त्याला ते शिकवलं तेव्हा त्यानं बोट ठेवलं आणि म्हणाला, "बेअरिंग चांगलं आहे." ती पोर गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आजारी पडल्यापासून त्याचा हा पहिला विनोद.

पाण्याचं सगळ्यात कठीण होतं. लघवी जवळपास बंद झालेली, म्हणजे जेवढं प्याल तेवढं अंगात साठणार. दिवसाला तीन पेले, त्यात चहा आला, आमटी आली, औषधाबरोबरचा घोटही आला. वहिनींनी शाळेतून फुटका म्हणून काढून टाकलेला एक मोजपेला आणला होता, त्यावर मिलिलिटरच्या रेघा होत्या. तो त्यातूनच प्यायचा. बर्फाचा खडा तोंडात धरायचा. उन्हाळ्यात शेडमधले आम्ही बाटल्याच्या बाटल्या रिकाम्या करायचो. अर्ध्या दिवसाच्या कामावर तो परत आला तेव्हा माझ्या लक्षात आलं, तो आमच्याकडे बघत नाही. पाण्यात पाहणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मग मीही कपाटाआड जाऊन प्यायला लागलो.

बटाटा चिरून पाण्यात घालून ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग शिजवायचा. केळं नाही, नारळपाणी नाही, टोमॅटो जपून. पहिल्या दोन महिन्यांत वहिनींनी प्रेमापोटी एक घोटाळा केला. दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, बीपीवाल्यांसाठी. त्यांनी ते आणलं, म्हटलं बिचाऱ्याला जरा चव लागेल. चार दिवसांत त्याचे पाय शिशासारखे जड झाले. शुक्रवारी टेक्निशियन मुलीनं नाडी बघितली आणि लगेच डॉक्टरांना बोलावलं. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, जे याच्यासाठी विषच. वहिनी त्या दिवशी रडल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. तो म्हणाला, "पुडीवर लिहिलेलं असतं. आपण दोघांनीही वाचलं नाही." वहिनी म्हणाल्या, "न वाचायची या घरात साथच आहे."

त्यानं वही केली. सकाळचं वजन, बीपी, प्यायलेलं पाणी, डायलिसिसच्या आधीचं आणि नंतरचं वजन. मायक्रॉनच्या अक्षरात, तीन दशांशांपर्यंत. डॉक्टरीणबाई ती बघून म्हणाल्या, "पाच वर्षांपूर्वी हे केलं असतंत तर तुम्ही अजून इथे बसला नसतात." तो म्हणाला, "माहीत आहे." बाईंनी वही परत दिली. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण पुढच्या वेळी त्यांनी स्वतःहून त्याचं नाव मृत दात्याच्या किडनीसाठीच्या यादीत कुठवर आलं ते सांगितलं.

लेकीचं वेगळंच. ती शिकत होती. तिला सगळं कळलं तेव्हा ती बापाच्या समोर बसली आणि म्हणाली, "बाबा, मला आत्ता सोनोग्राफी करायची नाही. परीक्षा होऊ दे, मग मी ठरवीन. बीपी दर सहा महिन्यांनी मोजेन, गोळ्या मनानं घेणार नाही. पण यापुढे माझ्यापासून काही लपवलंत तर मी या घरात राहणार नाही." ती हे शांतपणे बोलली. तो मान खाली घालून ऐकत होता. पुढे तो मला म्हणाला, "माझ्यासारखीच पुढे ढकलतेय की काय?" मी म्हटलं, "नाही. ती तुला सांगून ढकलतेय."

सात महिन्यांनी एका बुधवारी चिमणी डायलिसिसच्या खोलीत आली. मी त्याला सोडून निघतच होतो. ती आत येऊन त्याच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर बसली. पिशवीतून रिपोर्ट काढला आणि त्याच्या मोकळ्या हातात दिला.

"हे काय लिहिलंय ते सांग. बाई भराभर बोलतात, आणि त्यांना पुन्हा विचारायला मला लाज वाटते."

त्यानं चष्मा मागितला. मी त्याच्या पिशवीतून काढून दिला.

"हे क्रिएटिनिन," तो म्हणाला. "रक्तातला कचरा. किडनी चांगली असली तर हा आकडा कमी. तुझा एक पूर्णांक एक. मागच्या वेळी?"

"एकच."

"मग फार काही नाही. पण एका रिपोर्टवर जाऊ नकोस. तीन-चार ओळीनं बघायचे, म्हणजे वर जातोय का ते कळतं. हे खालचं, किडनी शंभरातली किती काम करते त्याचा अंदाज. तुझं बासष्ट."

"कमी आहे?"

"कमी आहे," तो म्हणाला. थांबला. "माझं पहिल्यांदा कळलं तेव्हा चाळीसच्या आसपास होतं. तू बरीच पुढे आहेस. ही लघवीतली प्रथिनं, ही थोडी आहेत, बीपी उतरलं की ही पण उतरतात. गोळी किती वाजता घेतेस?"

"आठवलं की."

"आठवलं की नाही. भट्टी पेटवायच्या आधी. रोज. आणि भट्टीजवळ पाणी पीत जा, तुला प्यायला मनाई नाही, उलट हवंय. मला नाही मिळत. तुला मिळतंय तोवर पी."

ती ऐकत होती. मी निघून गेलो. पुढचं त्यानं सांगितलं. ती उठताना म्हणाली, "मी विसरलेले नाही, दादा."

"विसरू नकोस," तो म्हणाला.

"दर तीन महिन्यांनी येईन. हे वाचून द्यायचं."

"देईन."

एवढंच. गळ्यात पडणं वगैरे काही नाही.

त्या वर्षाच्या शेवटी एका सकाळी फोन आला. एक किडनी उपलब्ध आहे, यादीतल्या दोघांना बोलावतोय, जुळेल त्याला मिळेल, ताबडतोब या. तो शेडमध्ये होता. हातातला जॉब लेथच्या पकडीत, चकमध्ये, तसाच ठेवून निघाला. मी, वहिनी, लेक, आणि बेकरीतून परस्पर आलेली चिमणी. दवाखान्यातल्या बाकावर आम्ही दुपारी तीनपर्यंत बसलो. समोरच्या बाकावर दुसरं कुटुंब. एक तरुण बाई, तिची आई, तिचा नवरा. सगळे एकमेकांकडे बघत होते. चिमणीनं पिशवीतून पाव काढून त्या आईला दिला. त्या बाईनं घेतला.

तीनला डॉक्टर बाहेर आले. किडनी त्या तरुण बाईशी जास्त जुळत होती.

मायक्रॉन उठला आणि त्या बाईच्या नवऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "पाणी मनसोक्त पिऊ द्या त्यांना." तो माणूस रडायला लागला. मग हा परत येऊन बाकावर बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्याचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला तसा आधी कधी पाहिला नव्हता, मानेत नळी घातली तेव्हाही नाही. लेक त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. वहिनी म्हणाल्या, "चला." तो म्हणाला, "जरा थांबा."

शेवटी चिमणी उठली. त्याच्या उजव्या बाजूला गेली, डाव्या हाताला धक्का लागणार नाही अशी, आणि त्याला काखेत हात घालून ट्रे उचलावा तसं उभं केलं.

"उद्या तुझा डायलिसिसचा दिवस आहे ना?" तिनं विचारलं.

"हो."

"किती वाजता?"

"सातला."

"मी येते न्यायला," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तुम्ही उद्या सुट्टी घ्या, भाऊ."

त्याला सोडायला जायचं नव्हतं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी कामावर वेळेच्या आधी पोचलो. त्याच्या लेथच्या चकमध्ये अर्धवट राहिलेला जॉब तसाच होता. मी तो सोडवला नाही. तो माझ्या कामाचा नव्हता, आणि गुरुवारी तो स्वतः येऊन पुरा करणार होता.